शोभेच्या नावाखाली जलपर्णी विकू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पवना-इंद्रायणीतली जलपर्णी काढण्याच्या बातम्या आपल्या दैनिकात दर उन्हाळ्यात येतात. वारी जवळ आली की यंत्रं लागतात, डंपर भरतात. त्याच दिवसांत तीच जलपर्णी रोपवाटिकांत आणि मत्स्यालयाच्या दुकानांत बागेतल्या तळ्यासाठी शोभेचं रोप म्हणून विकली जाते. माझी तळेगाव दाभाड्याजवळ लहानशी रोपवाटिका आहे आणि पाणवनस्पती हेच तिथलं मुख्य काम आहे. म्हणून हे पत्र आधी आमच्याच धंद्यातल्या मंडळींसाठी आहे.

नदीत जलपर्णी माजते ती मुख्यतः सांडपाण्यामुळे, हे मान्यच. पण मुळात ही वनस्पती दक्षिण अमेरिकेतली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती बंगालात आली तीसुद्धा फुलांच्या हौसेपायी, आणि १९३६ साली तिच्या बंदोबस्तासाठी तिथे कायदा करावा लागला. आजही वाट तीच आहे. टाकीत दाटी झाली की लोक जास्तीची रोपं उचलून मागच्या ओढ्यात टाकतात. पावसात बागेतलं तळं भरून वाहतं तेव्हा तर टाकावीही लागत नाहीत. पोषक पाणी मिळालं की एक-दोन आठवड्यांत ती दुप्पट होते आणि तिचं बी चिखलात वर्षानुवर्षं जिवंत राहतं. युरोपीय संघाने २०१६ साली तिच्या विक्रीवरच बंदी घातली.

गिऱ्हाईक म्हणतं, ‘ताई, ही पाणी शुद्ध करते ना?’ पाण्यातलं नत्र-स्फुरद ती शोषते, हे खरं. पण वेळच्या वेळी बाहेर काढली तरच त्याचा उपयोग. तिथेच कुजू दिली की शोषलेलं सगळं पुन्हा पाण्यात उतरतं. शिवाय डास. मॅन्सोनिया जातीच्या डासांच्या अळ्या श्वास घ्यायला पृष्ठभागावर येत नाहीत. जलपर्णीच्या आणि पिस्टियाच्या (कोबीच्या गड्ड्यासारखी दिसणारी, पाण्यावर तरंगणारी वनस्पती) मुळांत नळी खुपसून तिथूनच त्या हवा घेतात. हत्तीरोगाचा एक प्रकार हेच डास पसरवतात. घराजवळच्या तळ्यात हे आणून ठेवायचं कशाला?

आपल्याकडे कुमुदिनी आहे, कमळ आहे. एरंडोलजवळच्या पद्मालयाचं कमळांनी भरलेलं तळं ज्यांनी पाहिलंय, त्यांना मी वेगळं काय सांगावं! लोकांना ही झाडं अवघड वाटतात, पण ती तशी मुळीच नाहीत. त्यांना पाच-सहा तास थेट ऊन मात्र हवंच. झाडाखालच्या तळ्यात पानं येतील, फुलं येणार नाहीत. माती चिकण घ्यावी. कोकोपीट नको, ते तरंगून वर येतं. कुमुदिनी घमेल्यात लावून घमेलं तळाशी ठेवावं, कोंब मातीत पुरू नये आणि वर वाळूचा थर द्यावा, म्हणजे पाणी गढूळ होत नाही. कमळाचा कंद हाताळताना टोकाचा कोंब जपावा, तो मोडला की कंद बहुधा वाया जातो. बियांपासून करायचं तर बी एका टोकाला दगडावर घासून आतला पांढरा भाग दिसू द्यावा आणि रुजेपर्यंत पाणी रोज बदलावं. हे कवच फार चिवट असतं. चीनमधल्या एका आटलेल्या तळ्यातलं सुमारे १३०० वर्षांचं कमळबी रुजल्याची नोंद आहे.

खत पाण्यात कधीही टाकू नये, त्याने शेवाळच पोसतं. कागदात पुडी बांधून ती मुळांजवळच्या मातीत खोचावी. पिवळी पानं देठासकट काढत राहावं. कुमुदिनीवर कारंज्याचे तुषार पडू देऊ नयेत. महापालिकांच्या बागांत नेमकं हेच चुकतं, आणि मग ‘इथे फुलत नाही’ म्हणून तळी बुजवतात. डासांसाठी गप्पी मासे सोडावेत, पण तेही परदेशीच, तेव्हा त्यांना ओढ्यात जाऊ देऊ नये.

महापालिका आणि नगरपालिकांच्या उद्यान विभागांना माझी विनंती आहे, की बागेतल्या तळ्यांच्या निविदांमध्ये जलपर्णी आणि पिस्टिया लावायची नाही अशी स्पष्ट अट घाला. रोपवाटिकाचालकांनी तर कायद्याची वाट पाहूच नये. मी ती विकणं बंद केलं आहे. ज्यांच्या टाकीत जलपर्णी असेल त्यांनी ती पिशवीत भरून माझ्याकडे आणावी. बदल्यात कुमुदिनीचं रोप देईन, पैसे घेणार नाही. आलेली जलपर्णी मी ताडपत्रीवर कडकडीत वाळवते आणि मगच खताच्या खड्ड्यात घालते. फुलं आलेली असतील तर मात्र आधी तोडून वेगळी बांधून आणा, त्यांतलं बी खतातही जगू शकतं.

– एक रोपवाटिकाचालक, तळेगाव दाभाडे