सशाच्या मादीला तारखा लागू पडत नाहीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीतील पाळीव सशांवरचा लेख वाचला. मादी माजावर असेल तेवढे दिवस नराला वेगळं ठेवा, एरवी जोडी एकत्र राहिली तरी पिल्लांची चिंता नाही, असा सल्ला त्यात आहे. मी पशुवैद्य आहे आणि ससे रोज हाताळते. या सल्ल्यावर विसंबून राहिलेली माणसं महिनाभराने घाबरीघुबरी होऊन दवाखान्यात येतात. म्हणून हे पत्र.

गाय, म्हैस, कुत्री यांच्या माजाचं चक्र असतं. नर जवळ असो वा नसो, बीजांड आपल्या वेळेला सुटतं. सशाचं तसं नाही. सशाच्या मादीत बीजांड सुटतं ते मीलन झालं म्हणून, आणि मीलनानंतर साधारण 10 ते 12 तासांनी. तोवर अंडाशयात पक्व झालेली पुटकं, म्हणजे बीजांड सामावणाऱ्या बारीक पिशव्या, थांबून राहतात. नर भेटला नाही तर ती जिरतात आणि मागून दुसरी तयार होतात. त्यामुळे अंडाशय जवळजवळ कायम सज्ज असतं. मादी नराला कधी जवळ येऊ देते, कधी हुसकावून लावते, हे खरं आहे. योनिमुख लालसर-जांभळट असेल तेव्हा ती सहसा राजी असते, फिकट असेल तेव्हा नसते. पण फिकट असतानाही गाभण राहणाऱ्या माद्या आहेत. त्या रंगावरून किंवा तारखांवरून 'सुरक्षित दिवस' काढता येत नाहीत.

लोक हमखास विचारतात, ‘डॉक्टर, आम्ही दोघांना लगेच ओढून वेगळं केलं, मग आता तर काही होणार नाही ना?’ सशांचं मीलन काही सेकंदांत उरकतं. त्या सेकंदांतले संवेद मज्जारज्जूतून मेंदूतल्या हायपोथॅलॅमसपर्यंत पोचतात. तिथून जीएनआरएच हे संप्रेरक बारीक रक्तवाहिन्यांतून थेट खालच्या पिट्युटरी ग्रंथीत उतरतं आणि पिट्युटरी एलएच हे बीजांड सुटायला लावणारं संप्रेरक सोडते. पहिल्या एक-दोन तासांतच रक्तातलं एलएच कित्येक पटींनी वाढतं. उरलेला वेळ पुटकाच्या आतलं काम चालतं: बीजांड परिपक्व होतं, पुटकाची भिंत पातळ होत जाते आणि शेवटी फुटते. 1929 मध्ये फी आणि पार्क्स या शास्त्रज्ञांनी मीलनानंतर वेगवेगळ्या वेळी माद्यांची पिट्युटरी काढून पाहिली. तासाभराच्या आत काढली तर बीजांडं सुटली नाहीत, त्यानंतर काढली तर सुटली. निरोप एकदा गेला की तो परत घेता येत नाही. तेव्हा जोडी मागाहून वेगळी करून काही साधत नाही.

मीलनाशिवाय सशाच्या मादीत एरवी बीजांड सुटत नाही, हे शास्त्रज्ञ वॉल्टर हीप यांनी 1905 मध्येच दाखवलं होतं. पुढे याच गुणामुळे सशावर फार मोठी कामगिरी सोपवली गेली. 1931 मध्ये मॉरिस फ्रीडमन यांनी गर्भधारणेची चाचणी तयार केली. नरापासून दूर ठेवलेल्या मादीच्या कानाच्या शिरेत बाईची लघवी टोचायची आणि दोन दिवसांनी अंडाशय पाहायचं. बाई गरोदर असेल तर लघवीतलं एचसीजी हे गरोदरपणातलं संप्रेरक एलएचसारखंच काम करतं, आणि अंडाशयावर फुटलेल्या पुटकांचे लाल ठिपके उठलेले दिसतात. उत्तर काहीही येवो, अंडाशय पाहण्यासाठी मादी मारली जायची. 1937 मध्ये प्रोजेस्टेरॉन हे गर्भारपण टिकवणारं संप्रेरक दिलेल्या माद्यांत मीलनानंतरही बीजांड सुटत नाही, हे दिसून आलं. पिंकस आणि चँग या शास्त्रज्ञांनी नंतर हाच धागा उचलला, आणि 1960 मध्ये अमेरिकेत गर्भनिरोधक गोळीला मान्यता मिळाली. माणसाला एवढं देणाऱ्या या प्राण्याची साधी शरीररचनाही त्याला पाळणाऱ्यापर्यंत चुकीची पोचावी, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

लेखात खोट्या गर्भारपणाचा उल्लेखच नाही. दोन माद्या एकत्र असतील आणि एक दुसरीवर चढली, तर तेवढ्यानेही बीजांडं सुटू शकतात. फलन होत नाही, पण पुटकाच्या जागी पीतपिंड तयार होतो आणि प्रोजेस्टेरॉन स्रवू लागतो. मग 16 ते 18 दिवसांच्या सुमारास ती मादी तोंडात गवताची मोळी धरून कोपरे धुंडाळते, छातीचे-पोटाचे केस उपटून घरटं अस्तरते, हात लावला की अंगावर येते. घरच्यांना वाटतं, हिची पिल्लं कुणी नेली की काय! तिला दोन-चार दिवस तिच्या घरट्याजवळ शांत राहू द्यावं, ते मोडू नये.

खरी गाभण मादी सुमारे 31 दिवसांनी विते, आणि विल्याच्या दिवशीच पुन्हा गाभण राहू शकते. पहिली पिल्लं अंगावर पीत असताना पोटात दुसरी वाढतात आणि आई हाडाची काडं होते. अशी मादी तपासताना पाठीचा मणका न् मणका बोटाला लागतो.

लेखातल्या सल्ल्याची दुरुस्ती छापावी, ही विनंती. नर-मादी कायमचे वेगळे ठेवणं किंवा शस्त्रक्रिया करून घेणं, एवढेच मार्ग आहेत. मादीचं गर्भाशय आणि अंडाशय काढल्याने गर्भाशयाचा कर्करोगही टळतो, आणि वय झालेल्या माद्यांत तो बराच आढळतो. नराची शस्त्रक्रिया केली असेल तर त्यानंतरही काही आठवडे त्याला मादीजवळ सोडू नये, कारण आधी साठलेले शुक्राणू तोवर जिवंत असू शकतात.

– एक पशुवैद्य