बैल गेला, झोपा केला, तोही दुसऱ्याच्या गोठ्याला

प्रति,
मा. लिसा नंदी,
संस्कृती, माध्यमे आणि क्रीडा मंत्री, ब्रिटन

विषय: बेरी फुटबॉल क्लब आणि आपला फुटबॉल कायदा

स.न.वि.वि.

या पत्राची इंग्रजी प्रत आपल्याला टपालाने पाठवली आहे. मराठीत लिहितोय ते मँचेस्टरच्या आसपास राहणाऱ्या आमच्या मंडळींसाठी, कारण युनायटेड आणि सिटीपलीकडे इथे आणखी काही खेळलं जातं हे त्यांच्या गावीही नसतं.

मी बेरीत राहतो. गावाचं नाव आणि 'पुरणं' हे क्रियापद इंग्रजीत अगदी सारखंच, उच्चारातसुद्धा. 2019 साली या श्लेषावर किती जणांनी हात धुऊन घेतले ते विचारू नका.

आपण जवळच्याच विगनच्या खासदार, त्यामुळे क्लबचा इतिहास मी आपल्याला शिकवायला नको. पण आमच्या लोकांसाठी थोडा सांगतो. 1885 मध्ये दोन चर्चच्या संघांनी, वेस्लियन आणि युनिटेरियन, एकत्र येऊन हा क्लब काढला. त्याच वर्षीपासून मैदान एकच, गिग लेन. 1894 मध्ये फुटबॉल लीगमध्ये प्रवेश आणि पहिल्याच मोसमात दुसऱ्या विभागाचं विजेतेपद. 1900 मध्ये एफए कप, म्हणजे इंग्लंडमधल्या क्लबांची सगळ्यात जुनी स्पर्धा, अंतिम सामन्यात साउदॅम्प्टनवर 4-0. 1903 मध्ये पुन्हा तोच कप, या वेळी डर्बी काउंटीवर 6-0, आणि अख्ख्या स्पर्धेत स्वतःवर एकही गोल चढू न देता. अंतिम सामन्यातल्या त्या फरकाची बरोबरी व्हायला 116 वर्षं लागली. ती केली मँचेस्टर सिटीने, मे 2019 मध्ये. सिटीचं मैदान आमच्यापासून दहा मैलांच्या आत, आणि ज्यांना सिटीवाले आजही देव मानतात ते कॉलिन बेल 1966 मध्ये बेरीतूनच तिकडे गेले. सिटीने आमच्या विक्रमाची बरोबरी केली आणि तीनच महिन्यांत आम्हाला लीगमधून काढून टाकण्यात आलं.

तेही वरच्या श्रेणीत बढती मिळवलेली असताना. संघ मैदानात हरला नव्हता, हिशेबाच्या वहीत हरला होता. डिसेंबर 2018 मध्ये क्लब एका पौंडाला विकला गेला होता. पौंड एक, देणी डोक्याएवढी. मैदान गहाण. गाड्या लावायच्या जागासुद्धा आधीच गुंतवणूकदारांना विकलेल्या. लॉर्ड डर्बींनी 1922 मध्ये क्लबला भेट दिलेली ही जमीन. ती कुणाच्या तरी कर्जाला तारण म्हणून लागेल असं त्यांच्या स्वप्नातही आलं नसेल.

माझे वडील परळच्या गिरणीत साचेवाले होते. विणकामातला धावता धोटा (फ्लाइंग शटल) ज्याने शोधला तो जॉन के याच बेरीच्या परिसरात 1704 मध्ये जन्मला, हे मला इथे आल्यावर कळलं, आणि वडिलांना फोन करून सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोललेच नाहीत. गिरणी चालवण्यापेक्षा गिरणीखालची जमीन महाग झाली की काय होतं, ते आम्ही घरात बसून पाहिलेलं आहे. म्हणून मैदान गहाण पडल्याचं ऐकलं तेव्हा मला पुढचं सगळं दिसायला लागलं होतं.

27 ऑगस्ट 2019. क्लबला नवा मालक मिळवायला संध्याकाळी पाचपर्यंतची मुदत. शनिवारी सामना होईल या आशेवर शेकडो माणसं स्टेडियम साफ करायला जमली होती. शेजारचे आजोबा घरूनच झाडू आणि बादली घेऊन आले होते. आम्ही दोघं एकेक निळी खुर्ची पुसत एका रांगेच्या टोकापर्यंत गेलो. शेवटच्या खुर्चीच्या फटीत गेल्या मोसमातलं एक तिकीट अडकलेलं होतं. आजोबांनी ते काढलं, पुसलं आणि पाकिटात ठेवलं. विकत घेणाऱ्यांनी अंग काढून घेतल्याची बातमी आली तेव्हा आमच्या हातात ओली फडकी होती. रात्री उशिरा 125 वर्षांचं सदस्यत्व संपलं.

पुढचं थोडक्यात सांगतो. चाहत्यांनी नवा क्लब काढला, तो इंग्लिश फुटबॉलच्या श्रेणींमधल्या दहाव्या पायरीवरून सुरू झाला. चाहत्यांत फूट पडून दोन गट झाले, एकत्र येण्यासाठी मतदानं झाली, त्यातलं एक फसलं. सरकारच्या निधीतले दहा लाख पौंड आणि लोकांचे पैसे यांतून 2022 मध्ये गिग लेन परत आलं. 2023 मध्ये दोन्ही गट एक झाले. 2025 मध्ये नवव्या पायरीवरून आठव्यावर चढलो. नवव्या पायरीवरच्या सामन्यालाही तीन हजारांवर माणसं येत.

आता आपल्या कायद्याचं. फुटबॉलच्या कारभारावरच्या, तेव्हाच्या खासदार ट्रेसी क्राउच यांच्या समितीच्या 2021 च्या अहवालात बेरीचं उदाहरण आहे. संसदेत या विषयावर बोलताना कितीजणांनी आमचं नाव घेतलं. जुलै 2025 मध्ये कायदा झाला, स्वतंत्र नियामक आला. आता मैदान विकायचं किंवा तारण ठेवायचं तर त्याची परवानगी लागेल, मालकाची पारख होईल, क्लबचे रंग आणि चिन्ह मनमानीने बदलता येणार नाहीत. चांगला कायदा आहे, मनापासून सांगतो. पण तो लागू आहे वरच्या पाच पायऱ्यांवरच्या 116 क्लबांना. आम्ही त्या पाचांच्या खाली. आमच्याकडे या म्हणीसाठी इतकं नेमकं उदाहरण मी पाहिलं नव्हतं: बैल गेला आणि झोपा केला, आणि झोपाही दुसऱ्याच्या गोठ्याला.

सगळ्या छोट्या क्लबांवर परवान्यांचं आणि आर्थिक आराखड्यांचं ओझं टाका असं मी म्हणत नाही. स्वयंसेवकांवर चालणाऱ्या क्लबांना ते झेपणार नाही. मागणी एकच, जमिनीची: पाचव्या पायरीखालच्या क्लबचं मैदानही नियामकाच्या मंजुरीशिवाय विकता किंवा गहाण टाकता येऊ नये. त्याला फार कारकुनी लागत नाही. जमिनीच्या नोंदीवर एक बोजा चढवला की झालं, आमच्याकडे सातबाऱ्यावर चढतो तसा.

2020 मध्ये नवा मालक आल्यावर काही आठवड्यांतच आपल्या गावच्या विगन अ‍ॅथलेटिक क्लबवर दिवाळखोरीची वेळ कशी आली ते आपण जवळून पाहिलंय. आपल्याला हे समजावून सांगायला लागू नये.

एखाद्या शनिवारी तीन वाजता गिग लेनवर या. तिकीट मी काढतो. पाय (म्हणजे खायचा, मी चीज-कांद्याचा घेतो) मात्र आपण आपल्या पैशाने घ्यावा, मंत्र्यांना भेटवस्तूंचे नियम असतात. आणि पायवेड्या विगनकरांना पाय कुठला चांगला हे मी काय सांगणार.

आपला नम्र,
बेरीचा एक रहिवासी, मूळचा परळचा