गेइटीच्या मुलींना लालची म्हणू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत जुन्या ब्रिटिश कॉमेडी सिनेमांवर लेख आला होता. लेख छानच, पण 'ट्रॉटी ट्रू' (१९४९) ला त्यात जेमतेम दोन ओळी आणि त्या पण अशा की, लॉर्ड गटवायला निघालेल्या नाचणाऱ्या पोरींचा टाइमपास सिनेमा. हे वाचून फार वाईट वाटलं म्हणून लिहितेय.

पहिली गोष्ट म्हणजे ट्रॉटी लॉर्ड शोधायला निघालेली नाहीच. लंडनमधल्या कॅम्डेनच्या म्युझिक हॉलमध्ये (गाणी, नाच, विनोदाचे खेळ चालायचे तसलं थिएटर) गाणारी पोरगी, तिचं पहिलं प्रेम सिड नावाच्या फुगेवाल्यावर, म्हणजे गरम हवेचे मोठे फुगे उडवणारा तो. पुढे ती स्वतःच्या गळ्यावर आणि हजरजबाबीपणावर लंडनच्या नावाजलेल्या गेइटी थिएटरपर्यंत पोचते आणि मग लॉर्ड डिग्बी तिच्या आयुष्यात येतो. जीन केंटने हे काम इतकं मोकळं केलंय की तिच्यावरून नजर हटत नाही, आणि जेम्स डोनाल्डचा डिग्बी पण साधा, प्रेमात बुडालेला माणूस वाटतो. तिची मैत्रीण बाउन्सी (लाना मॉरिस) पण उमरावाशीच लग्न करते, पण सिनेमा त्या दोघींना कुठेही हिणवत नाही. उलट लग्नानंतर मोठ्या घरातला कंटाळा, नवऱ्याबद्दलचा संशय, हे सगळं ट्रॉटीच्या बाजूने दाखवलंय. टेक्निकलर मध्ये (त्या काळची रंगीत फिल्म) ते कपडे आणि स्टेज बघायलाच पाहिजे. ब्रायन डेस्मंड हर्स्टचं दिग्दर्शन आहे, मूळ कादंबरी कॅरिल ब्राम्स आणि एस. जे. सायमन या जोडीची, त्यातला सायमन बिचारा सिनेमा यायच्या आधीच १९४८ मध्ये गेला. आणि हो, स्टेजच्या दाराशी फुलं घेऊन उभ्या राहणाऱ्या पोरांत नीट बघा, पुढे जेम्स बाँड झालेला रॉजर मूर दिसेल, ड्रॅक्युलावाल्या क्रिस्टोफर लीचं पण छोटंसं काम आहे.

आता खरा मुद्दा. लंडनच्या स्ट्रँड रस्त्यावर गेइटी खरंच होतं, १८६८ पासून. तिथला मॅनेजर जॉर्ज एडवर्ड्स मुलींना गाणं, नाच, नीट बोलणं सगळं शिकवायचा. जवळच रोमानोज रेस्टॉरंट होतं, तिथे त्यांना निम्म्या पैशात जेवायला मिळायचं, कारण त्या आल्या की त्यांच्या मागे श्रीमंत गिऱ्हाईक येणारच. म्हणजे मुलींच्या दिसण्यावर थिएटरवाल्याचा धंदा, हॉटेलवाल्याचा पण धंदा, आणि लालची कोण तर म्हणे मुली!

गेइटीतलीच कॉनी गिलख्रिस्ट लहानपणापासून स्टेजवर, दोरीच्या उड्या मारत नाचायची, व्हिसलर या चित्रकाराने तिचं चित्र काढलंय, तिने १८९२ मध्ये अर्ल ऑफ ऑर्कनीशी लग्न केलं (अर्ल, मार्क्वेस, व्हायकाउंट हे सगळे उमरावांचे किताब). रोझी बूट पण गेइटीचीच, तिचं १९०१ मध्ये मार्क्वेस ऑफ हेडफोर्टशी लग्न झालं तर त्याला रेजिमेंट सोडावी लागली, तरी त्याने माघार घेतली नाही आणि संसार १९४३ मध्ये तो जाईपर्यंत टिकला. बेल बिल्टनची गोष्ट तर वाचताना राग येतो. ही गेइटीची नाही, म्युझिक हॉलची. १८८९ मध्ये तिने व्हायकाउंट डनलोशी लग्न केलं तर सासऱ्याने मुलाला लगेच ऑस्ट्रेलियाला पाठवलं आणि इकडे तिच्यावर घटस्फोटाची केस उभी केली. भर कोर्टात तिच्या अब्रूचे धिंडवडे निघाले आणि तरी १८९० मध्ये ज्युरीने निकाल तिच्याच बाजूने दिला, नवरा पण परत तिच्याकडेच आला. असलं सगळं सोसणाऱ्या बाईला पैशासाठी लग्न केलं म्हणून एका वाक्यात निकालात कसं काढता येईल?

आणि पैशासाठीच लग्न म्हणाल तर ते कोणी केलं ते पण लिहायला हवं ना. १८७० नंतर शेतीचे भाव पडले, जमीनदारांचे खंड आटले आणि मोठमोठे वाडे सांभाळणं जड झालं तेव्हा हेच उमराव अमेरिकन करोडपतींच्या मुली शोधत होते. ड्यूक ऑफ मार्लबरोने १८९५ मध्ये कॉन्सुएलो व्हँडरबिल्टशी लग्न केलं, सोबत २५ लाख डॉलरचे रेल्वे शेअर्स आले. ड्यूकला टायटल विकलं म्हणून कोणी कॉमेडीत हसत नाही, पण स्वतः कमावणारी, रोज रात्री स्टेजवर उभी राहणारी मुलगी लॉर्डला हो म्हणाली की लगेच तिचा हिशोब मांडायचा.

स्ट्रँडचं जुनं गेइटी १९०३ मध्ये हलवून जवळच ऑल्डविचला नवीन बांधलं, ते १९३९ ला बंद पडलं आणि १९५६ मध्ये पाडलं. म्हणजे सिनेमा आला तेव्हा थिएटर रिकामं उभं होतं, आणि ज्यांनी ते दिवस पाहिले होते अशी माणसं हॉलमध्ये बसून हा सिनेमा बघत होती. रोझी बूट स्वतः १९५८ पर्यंत हयात होत्या.

तेव्हा संपादक साहेब, विनंती एवढीच की पुरवणीत 'ट्रॉटी ट्रू' वर एक स्वतंत्र लेख द्या, आणि लिहिणाऱ्याला सांगा की आधी सिनेमा पूर्ण बघ. जीन केंटचा फोटो पण मोठा छापा.

आपली,
एक नियमित वाचक, पुणे