हिरवा पाऊच घरीच राहिला

चि. मुग्धा,
अनेक आशीर्वाद.

तुला सोनेगाव विमानतळावर सोडून परत येताना वर्धा रोडभर बाबा एक शब्द बोलले नाहीत. घरी आलो तर हिरवा पाऊच टीव्हीजवळ तसाच पडलेला. 'गावठी दिसते आई' म्हणालीस, मीही निघतानिघता नको ते बोलले. मनावर घेऊ नको. पण मग पासपोर्ट कुठे ठेवला?

सांगणार नव्हते, तरी सांगून राहिले. पॅरिसला मोंमार्त्रच्या त्या पांढऱ्या चर्चपाशी गोड बोलत येतात आणि मनगटाला रंगीत दोरा बांधून पैसे मागतात. आपल्याला तर सवयच, कुणी धागा काढला की हात आपसूक पुढे! तिथे हात खिशात ठेव. कुणी कागद पुढे करून सही मागितली तर थांबू नको. तू सही करतेस तोवर दुसरीचा हात तुझ्या पर्समध्ये. मेट्रोत दाराशी उभी राहून मोबाईल पाहू नको, दार लागता लागता हिसकतात आणि उतरून जातात. बार्सिलोनाला रांब्ला रस्त्यावर खायला बसलीस तर बॅग खुर्चीला अडकवायची नाही, मांडीवर घ्यायची.

आणि पासपोर्ट. गेलाच तर आधी पोलिसांत तक्रार, मग आपली वकिलात. ते इमर्जन्सी सर्टिफिकेट देतात, पण त्यावर फक्त घरी परतता येतं, पुढची ट्रिप बुडते. पोलिसांचा नंबर तिथेही ११२च, आपल्यासारखा.

झालं माझं लेक्चर. चुकलंच.

बर्डीवर दिवाळीच्या गर्दीत माझी पर्स ब्लेडने कापली होती, आठवते? तू सात वर्षांची. साडीवाल्याकडे पैसे द्यायला पर्स उघडली तर खालून माझीच बोटं बाहेर आली. मी तिथेच रडायला लागले. रिक्षाला दमडी नाही. तू पदर धरून म्हणालीस, 'चल, मला रस्ता येते.' धंतोलीपर्यंत तूच पुढे चाललीस, एका वळणावर चुकलीस, पण कबूल केलं नाहीस.

भिशीत सगळ्यांना सांगितलं, स्वतःच्या पगारातून चालली, एकटी चालली. 'एकटी?' असं जोशीकाकूंनी विचारलं तेव्हा मी पोह्यांत लिंबू पिळत बसले.

पासपोर्टचा फोटो बाबांना पाठवला का? ते विचारणार नाहीत, पण रात्री दोनदा उठून फोन बघितला त्यांनी.

पाऊचची चेन अडकत होती ना, तिच्यावर मेणबत्ती घासून ठेवली. आता सरकते.

तुझी,
आई