रोपांआधी भरतीला वाट करून द्या

मा. संपादक,

२६ जुलैच्या जागतिक कांदळवन दिनानिमित्त ठाणे-पालघरच्या खाड्यांवर रोपे लावायला जाणाऱ्या नाशिकमधल्या संस्थांसाठी हे पत्र. त्या किनाऱ्याशी आपले नाते आहेच. वैतरणा आपल्याच त्र्यंबकच्या डोंगरातून निघून तिथे समुद्राला मिळते.

ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलात रोपे रोवली, तर बहुतेक मरतात. तिवर आणि कांदळ ही कांदळवनातली झाडे साधारणपणे सरासरी समुद्रपातळी आणि उधाणाची भरतीरेषा यांमधल्या पट्ट्यात वाढतात. त्याखाली कोवळे रोप फार वेळ बुडून राहते आणि लाटेने उपटते. शिवाय ज्याला आपण ओसाड चिखल समजतो, तिथेच रोहित पक्षी चरतात.

जुने कांदळवन मेले असेल, तर आधी पाणी तपासा. बहुधा बांध किंवा रस्त्याचा भराव आड आलेला असतो. भरती आत आली नाही की चिखल सुकून क्षार वाढतो. आत आलेले पाणी तुंबले की चिखलाबाहेर येऊन हवा घेणारी मुळे बुडून झाड गुदमरते. अख्खा बांध फोडायची गरज नसते. जुन्या नकाशांवरून मूळ ओहोळांची तोंडे शोधून तेवढीच मोकळी करावीत, मात्र ओहोटीला पाणी पूर्ण उतरेल इतकी खोल आणि रुंद. भरावाखाली अरुंद पाइप टाकले की ते प्लास्टिकने तुंबतात. शेजारी खारभूमीची भातशेती असेल, तर शेतकऱ्यांच्या संमतीशिवाय बांधाला हात लावू नये. वन विभागाच्या कांदळवन कक्षाशीही आधी बोलावे.

मग जमिनीची उंची. गवंड्यांकडची पाणी भरलेली पारदर्शक नळी पुरते. जवळच्या जिवंत तिवरांखाली जिथे आपोआप रोपे उगवली आहेत, ती पातळी आपल्या जागेशी ताडून पाहावी. वीतभर फरकानेही निकाल बदलतो.

पातळी जुळली आणि जवळ मोठी झाडे असली, तर बी भरतीच आणते. तिवराची फळे पावसाळ्यात गळून पाण्यावर तरंगत येतात. निदान दोन पावसाळे थांबावे, अडकलेली जाळी आणि प्लास्टिक काढावे, शेळ्या-म्हशी आत येऊ देऊ नयेत. एवढे करूनही रोपे आली नाहीत आणि आसपास बी देणारी झाडेच नसली, तरच लागवड करावी, तीही एकाच जातीची नको.

आपल्या वृत्तपत्राला एक विनंती: लागवडीच्या बातमीत रोपांच्या आकड्याबरोबर आधीच्या वर्षीची किती जगली, हेही आयोजकांना विचारून छापावे.

– कांदळवनांचे काही अभ्यासक, नाशिक