दुसऱ्याच्या लढाईत आपली पोरं नकोत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

परदेशात कुठेही लढाई पेटली की भारतानेही सैन्य उतरवावं, नाहीतर जगात आपलं वजन कसं कळणार, असं हल्ली टीव्हीवर आणि आमच्या गावच्या पारावरही फार सहज बोललं जातं. मी १९८७ मध्ये श्रीलंकेत गेलेल्या शांतिसेनेत होतो. मला हे ऐकवत नाही, म्हणून लिहितो आहे.

२९ जुलैला कोलंबोत भारत आणि श्रीलंकेचा करार झाला आणि आम्ही जाफन्यात उतरलो ते तमिळ लोकांचं रक्षण करायला. सुरुवातीला लोकांनी हार घातले. एका वस्तीत सायकलवरचा म्हातारा थांबला, शहाळं फोडून माझ्या हातात दिलं, पैसे घेतले नाहीत. ऑक्टोबरमध्ये ज्यांना शस्त्रं खाली ठेवायला लावायचं होतं त्या एलटीटीईशीच, म्हणजे 'वाघ' म्हणवणाऱ्या तमिळ बंडखोरांशीच, आमची लढाई जुंपली. त्याच वस्तीतून आमच्यावर गोळ्या आल्या. लुंगी नेसलेला समोरचा माणूस गावकरी की वाघ, हे ओळखायचं कसं? रस्त्यात सुरुंग, विहिरीजवळ सुरुंग. सिंहली लोकांना आम्ही घुसखोर वाटत होतो, तमिळ लोकांना वैरी. पुढे तिथल्याच राष्ट्राध्यक्षांनी, प्रेमदासांनी, आम्हाला निघून जायला सांगितलं. मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी परतली तोवर आपले अकराशेहून अधिक जवान गेले होते. मद्रास बंदरावर स्वागताला तिथले मुख्यमंत्रीही आले नाहीत.

मी सुट्टीवर घरी आलो तेव्हा माय एवढंच बोलली, "तठे आपलं काय व्हतं रे भाऊ?" मला उत्तर देता आलं नाही. आजही येत नाही.

कुणी म्हणेल, १९७१ मध्ये बांगलादेशच्या लढाईत आपण उतरलोच ना? उतरलो, आणि ते बरोबरच होतं. जवळपास एक कोटी निर्वासित आपल्या दारात आले होते, आणि ३ डिसेंबरला पाकिस्तानने आपल्याच विमानतळांवर बॉम्ब टाकले. ती लढाई आपल्या अंगावर आली होती. अंगावर आलेली आणि ओढवून घेतलेली यांत फरक आहे, आणि सगळा वाद तिथेच आहे.

२००३ मध्ये अमेरिकेला इराकसाठी आपलं सैन्य हवं होतं, पुरी एक डिव्हिजन, म्हणजे हजारो जवान. दिल्लीत पाठवावं म्हणणारेही होते. एप्रिलमध्ये लोकसभेने त्या युद्धाची निंदा केली होती, आणि जुलैमध्ये वाजपेयी सरकारने संयुक्त राष्ट्रांच्या स्पष्ट आदेशाशिवाय सैन्य पाठवायला नकार दिला. अमेरिका तिथे २०११ पर्यंत अडकली, तिचे चार हजारांवर सैनिक मेले. त्या नकाराने आपलं वजन कुठे कमी झालं, ते मला कुणीतरी दाखवून द्यावं. एकदा पाय टाकला की बाहेर कधी पडायचं हे आपल्या हातात राहत नाही, हे आम्ही जाफन्यात अडीच वर्षं भोगलं आहे.

फैजपूर आमच्यापासून फार लांब नाही. १९३६ मध्ये तिथे काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन भरलं. साम्राज्याच्या युद्धात हिंदुस्थानाला ओढू नका, अशी काँग्रेसची भूमिका त्याच काळातली. तरी १९३९ मध्ये व्हाइसरॉयने इथल्या कुणालाही न विचारता आपल्याला युद्धात ढकललं. तेव्हा विचारणारं कुणी नव्हतं. आता संसद आपली आहे.

रोज पहाटे पाच वाजता आमच्या गावच्या डांबरी रस्त्यावर भरतीची पोरं पळतात. सोळाशे मीटरला किती वेळ लागला ते मोबाइलवर बघतात, पुन्हा पळतात. बहुतेकांच्या घरी दोन-तीन एकर कोरडवाहू कपाशी आहे. देशासाठी ती कुठेही उभी राहतील, सीमेवर बर्फातही. पण टीव्हीवर बाह्या सरसावणाऱ्यांच्या घरातली पोरं या रस्त्यावर मी पाहिलेली नाहीत.

माझी मागणी साधी आहे. परक्या लढाईत एकही जवान पाठवण्याआधी संसदेत खुली चर्चा व्हावी. आपलं तिथे नेमकं काय आहे आणि परत कधी यायचं, हे सरकारने आधी सांगावं. आणि खान्देशातल्या खासदारांनी आपली बाजू आजच जाहीर करावी. आम्ही वाट पाहतो आहोत.

आपला,
एक माजी सैनिक,
ता. अमळनेर, जि. जळगाव