मंडळीच्या नोंदवह्या पावसाआधी कपाटातून बाहेर काढा

संपादक महोदय, स. न. वि. वि.

कोल्हापुरातल्या पुष्कळ ख्रिस्ती मंडळ्यांत (चर्चमध्ये) बाप्तिस्मा, विवाह आणि दफनाच्या नोंदवह्या पाळकांच्या, म्हणजे धर्मगुरूंच्या, ताब्यात असतात. त्या लिहिण्याचे आणि चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीची नोंद शोधून देण्याचे काम मात्र एखादे निवृत्त गुरुजी किंवा बाई करतात. अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर १८५२ मध्ये इथे आले तेव्हापासून शाळा आणि मंडळी शेजारीशेजारी वाढल्या, त्यामुळे यात कुणाला नवल वाटत नाही. शनिवारी संध्याकाळी गीते ठरवणे, रविवारी मुलांचा वर्ग, उपासनेनंतर दुसऱ्या एका सभासदासोबत दान मोजून दोघांच्या सह्या करणे, आठवड्यात आजाऱ्यांच्या भेटी, आणि घरी नातवंडांचा अभ्यास. या सगळ्यात वह्यांचे काम कुणाच्या नजरेत येत नाही.

शिक्षकाच्या हातात ते काम चोख होते, याला कारण आहे. शाळेच्या जनरल रजिस्टरमधली जन्मतारीख कुणाच्या शब्दाखातर बदलता येत नाही, हे त्यांनी नोकरीभर पाळलेले असते. मंडळीच्या वहीलाही तोच नियम हवा. चूक झाली तर एकच आडवी रेघ मारावी, खालचे अक्षर वाचता आले पाहिजे. वर बरोबर मजकूर, बाजूला तारीख आणि पाळकांची सही. व्हाइटनर लावलेली नोंद पुढे संशयास्पद ठरते.

जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा. त्याआधी खेड्यात जन्मलेल्यांची नोंद कोतवाल बुकात (गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या वहीत) सापडली तर ठीक, नाही तर बाप्तिस्म्याची नोंद हाच जवळचा लेखी आधार उरतो. घोटाळा होतो तो इथेच. बाप्तिस्म्याची तारीख आणि जन्मतारीख शेजारच्या रकान्यांत असतात आणि दाखला लिहिताना घाईत पहिलीच उतरवली जाते. आईचे नाव नुसते 'सौ.' असे लिहिलेले असते. शाळेत यशवंत असलेला मुलगा वहीत येशूदास असतो. अशा वेळी वहीतले नाव बदलू नये. दाखल्यावर वहीत आहे तसेच उतरवावे आणि नावातल्या फरकासाठी त्या व्यक्तीने वेगळे प्रतिज्ञापत्र करावे.

विवाहाच्या नोंदीत १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्यानुसार लग्न लावणाऱ्याखेरीज दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. त्या जेवणाची पंगत बसण्याआधीच घ्याव्यात. एकदा पाहुणे पांगले की जागा रिकामी राहते.

आता वह्या ठेवण्याबद्दल. लोखंडी कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटवून ठेवू नये, चार-सहा इंच अंतर हवे, नाही तर पावसाळ्यात भिंतीची ओल आत उतरते. सर्वांत खालचा कप्पा रिकामा ठेवावा. जाड वह्या उभ्या न ठेवता आडव्या ठेवाव्यात, कारण उभ्या वहीची शिवण तिच्याच वजनाने सुटते. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल कोंडते आणि बुरशी धरते. धुतलेले सुती कापड गुंडाळलेले बरे. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नये, तो काही वर्षांत पिवळा पडून अक्षरांसकट निघतो. लॅमिनेशन तर मुळीच नको, ते पुन्हा काढता येत नाही. नवी नोंद साध्या बॉलपेनने करावी. धुऊन जाणारी निळी शाई पाण्याच्या एका थेंबाने पसरते.

मे महिन्यात प्रत्येक पानाचा फोटो घेऊन ठेवावा. खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न लावता, मोबाइल पानाला समांतर धरून, एका फोटोत एकच पान. सुरुवातीला मुखपृष्ठ घ्यावे, म्हणजे वही कोणती आणि साल कोणते हे कळते. फाइलला 'बाप्तिस्मा १९६२ पान १४' असे नाव द्यावे. दोन प्रती कराव्यात, एक पाळकांकडे आणि दुसरी उंचावरच्या भागातल्या एखाद्या घरी. हे फोटो व्हॉट्सअॅप गटावर टाकू नयेत, त्यात लोकांच्या घरातली खासगी माहिती असते.

उंचावरच्या घराचा आग्रह का, हे २०१९ आणि २०२१ चा महापूर पाहिलेल्यांना सांगायला नको. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आहे आणि धोका पातळी ४३ फूट. पाणी ३९ फुटांवर गेल्याचे कळताच शाहूपुरी, व्हीनस कॉर्नरसारख्या सखल भागातल्या वह्या हलवाव्यात, ४३ ची वाट पाहू नये. तरीही वही भिजलीच तर उन्हात टाकू नये आणि इस्त्री फिरवू नये. कागद आकसतो, पाने चिकटतात. दर दहा-पंधरा पानांनंतर कोरा शोषक कागद घालून पंख्याखाली ठेवावी आणि तो कागद दर दोन-तीन तासांनी बदलावा. चिखल ओला असताना पुसू नये, वाळल्यावर मऊ ब्रशने झाडावा. दोन दिवसांत बुरशी धरते. तेवढ्यात वाळवणे जमत नसेल तर वही पिशवीत बंद करून डीप फ्रीझरमध्ये ठेवावी आणि सवडीने एकेक काढून वाळवावी.

हे सगळे पंचाहत्तरीच्या एकट्या माणसाने करायचे, हे आम्हाला पटत नाही. गुरुजी आजारी पडले की किल्ली कुठे आहे इथपासून अडते. मंडळीच्या पंचांनी दोन तरुण सभासद वर्षभर त्यांच्या सोबतीला द्यावेत. जुनी वळणदार अक्षरे, कुटुंबांची टोपणनावे, एकाच नावाच्या तीन माणसांतला फरक हे वहीत लिहिलेले नसते. ते शेजारी बसूनच शिकता येते.

घरच्यांनाही एक विनंती. दुसऱ्यांचे दाखले शोधून देणाऱ्या या शिक्षकांचे स्वतःचे कागद बरेचदा मागे राहतात. त्यांच्या पीपीओवर (निवृत्तिवेतनाच्या आदेशावर) जोडीदाराचे नाव आणि जन्मतारीख आधारकार्डाशी जुळते का, हे ते हयात असतानाच पाहावे. दुरुस्तीचा अर्ज त्यांच्या सहीने सोपा जातो. नंतर कुटुंब निवृत्तिवेतनासाठी वृद्ध जोडीदाराला हेलपाटे घालावे लागतात. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत जालच, त्याच दिवशी पीपीओची एक प्रत काढून घरात सर्वांना ठाऊक असलेल्या जागी ठेवा.

– मंडळीच्या नोंदींचे काम पाहणारे काही सभासद, कोल्हापूर